अक्कांची करंगळी

माझ्या मुलाच्या बारशाला अक्कांना बोलावलं ही चूक होती की शहाणपण, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मंगळवार पेठेतलं आमचं घर बायकांनी गच्च भरलेलं, पाळण्याला फुलांच्या माळा, मधोमध घुगऱ्यांचं पातेलं, आणि माझी बहीण, म्हणजे बाळाची आत्या, त्याच्या कानात नाव सांगायला वाकलेली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "थांबा! आधी उघडा त्याला."

पाळणा थांबला. अक्कांनी चपला कोपऱ्यात भिरकावल्या, मोरीत जाऊन हात धुतले, ते गरम व्हावेत म्हणून थोडा वेळ काखेत धरले आणि कुणाला न विचारता माझ्या मुलाची कुंची सोडली, दुपटं सोडलं, झबलं वर केलं. मग आपली करंगळी आधी त्याच्या उजव्या मुठीत दिली, मग डाव्या. मनगटावरच्या काळ्या मण्यांखाली तीच करंगळी सरकवून पाहिली. पोरगं बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

"ब्येस हाय. आता म्हणा नाव."

"ही डॉक्टरीण हाय का नाक्यावरचा शिपाई?" माझी आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. अक्कांनाही ते ऐकू गेलं. त्यांनी घुगऱ्यांची आणखी एक वाटी मागून घेतली.

अक्का म्हणजे डॉ. हेरवाडे. हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या. मूळच्या कुरुंदवाडच्या. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि घरात त्या थोरल्या, म्हणून कोल्हापूरच्या आमच्या रुग्णालयातही शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांच्या अक्काच. मी भूलतज्ज्ञ. त्यांच्या टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझं नाव त्यांनी क्वचितच घेतलं असेल. मी त्यांच्यासाठी 'मंगळवार पेठ' होतो. "ए मंगळवार पेठ, झोपवलंस का? का अंगाई म्हणू?" असं त्या विचारायच्या, आणि पेशंट झोपलेला असला तरी आवाजानं उठेल की काय अशी मला धास्ती वाटायची.

आवाज हा त्यांचा पहिला दोष. दुसरा दोष म्हणजे धीर नाही. चहा बशीत ओतून, फुंकर न मारता, पोळत पोळत प्यायच्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी आलो, मी बघतो' असंच बोलायच्या. पुण्याहून आलेल्या निवासी डॉक्टरांना सुरुवातीला याचं हसू यायचं, आठवडाभरात ते थांबायचं. हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, नखं मांसाला लागून कापलेली. आणि तान्हं मूल दिसलं की, मग ते वॉर्डात असो, भाजी मंडईत असो की लग्नाच्या मांडवात, "उघडा त्याला." लोक चिडायचे. गुंडाळलेलं, झोपलेलं मूल कुणी उघडायला सांगितलं तर कुठल्या आईला आवडेल? अक्का म्हणायच्या, "गुंडाळलेलं प्वार लई गोड दिसतंय. गोड दिसतंय म्हणून तर भ्या वाटतं."

या भीतीमागची गोष्ट लपवलेली नव्हती. दरवर्षी नवे इंटर्न आले की पहिल्याच राउंडला त्या ती भर वॉर्डात सांगायच्या. आवाज मात्र त्यावेळी निम्म्यावर यायचा.

त्या नव्यानं कामाला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. शाहूवाडीकडून एक बाळ आलं, नुकतंच जन्मलेलं. उजवा हात कोपराखाली टरटरून सुजलेला आणि मनगटात काळा दोरा रुतून बसलेला. अक्कांनी दोरा पाहिला आणि निदान झालं. कात्री मागवली, दोरा तोडला, आणि त्या बाळाच्या आजीला वॉर्डभर ऐकू जाईल अशी झाडली. "दिष्ट लागू नये म्हणून पोराचा हात घालवताय व्हय?" सगळ्यांना पटलं. हात उशीवर उंच ठेवला, आता सूज उतरेल म्हणून सगळे कामाला लागले. सूज उतरली नाही. बोटं आधी पांढरी पडली, मग काळवंडली.

सूज दोऱ्यानं आलीच नव्हती. हाताच्या स्नायूंभोवती चिवट पडद्यांची घट्ट पिशवी असते. क्वचित एखाद्या बाळाचा हात पोटात असतानाच दाबला जातो, का ते नीटसं कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या पिशवीच्या आत सूज चढत जाते. पिशवी ताणत नाही. मग आतला दाब इतका वाढतो की रक्त पुढे सरकत नाही आणि स्नायू मरायला लागतात. पुस्तकात याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. अक्का म्हणायच्या, "पोत्यात भात ठासून भरला की पोतं दगडागत हुतंय का न्हाय? तसा हात. मग काय करायचं? शिवण उसवायची. मलम लावून बघू, उद्या बघू, असलं काय चालत न्हाय."

त्या बाळाचं नाव तानाजी. त्याचा हात राहिला, पण बोटं कायमची आत वळली आणि हात वाढलाच नाही. काही महिन्यांनी अक्कांना एक चमत्कारिक शंका आली, आणि ती मनातून जाईना, म्हणून एसटी पकडून त्या थेट त्याच्या गावी गेल्या. आजी अंगणात भात पाखडत होती. अक्कांनी विचारलं, "आजी, दोरा कधी बांधलास?"

आजी म्हणाली, "हात सुजलेला बगितला, मग बांदला. जल्मताच सुजलेला हुता की. तुमी इचारलं कुटं? तुमी वरडलासा."

"मग तुझं काय चुकलं न्हाय."

"मग कुणाचं चुकलं?"

"माझं," अक्का म्हणाल्या.

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. गावानं, सुनेनं, स्वतःच्या लेकानं तिला इतके महिने बोल लावला होता. ती उठली आणि म्हणाली, "जेवल्याबिगर जायाचं न्हाय." गोष्ट इथवर आली की अक्का इंटर्न मुलांना म्हणायच्या, "तो भात माझ्या घशाखाली उतरत नव्हता. तरी सगळा खाल्ला." मग एकदम आवाज चढायचा. "कळलं का? दोरा दिसला की आधी विचारायचं, कधी बांधला! आणि बांधायचाच असंल तर खाली माझी करंगळी गेली पायजे."

मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की मला पाठ झाली होती. खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही आला होता. अशी बाळं किती येतात? अनेक डॉक्टरांच्या उभ्या आयुष्यात एकही येत नाही. अक्का एका भुताच्या मागे लागल्या आहेत असं मला वाटायचं.

मग ती दुपार आली.

बाह्यरुग्ण विभागाच्या बोळात आम्ही दोघं डबा खायला निघालो होतो. बाकावर एक म्हातारी बाई मांडीवर बोचकं घेऊन बसली होती, शेजारी तिचा मुलगा, तिशीच्या आतला, घामाघूम झालेला. पन्हाळ्याखालच्या एका गावातले. बाळ सकाळी जन्मलेलं, आई ऑपरेशन झाल्यामुळे तिकडच्या दवाखान्यातच, आणि हाताला जंतुसंसर्ग दिसतो म्हणून बाळाला इकडे पाठवलेलं. अक्कांनी सवयीप्रमाणे म्हटलं, "उघडा त्याला."

म्हातारीनं बोचकं छातीशी धरलं. "न्हाय. थंडी लागंल पोरीला."

आजवर लोक कुरकुर करत पण उघडत. ही बाई मूल लपवत होती. अक्कांनी डब्याची पिशवी माझ्या हातात दिली, म्हातारीच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या, काखेत हात धरले आणि अगदी हळू म्हणाल्या, "आजी, मी बघतो. नुसतं बघतो."

दुपटं सुटलं. डावा हात गुलाबी, मूठ वळलेली. उजवा हात कोपराखाली फुगून चकाकत होता. त्यावर एक काळानिळा डाग, कडेनं फोड आलेले. पंजा लोंबत होता, बोटं फिकट आणि निपचित. आणि मनगटात काळा दोरा रुतलेला.

तेवढ्यात आतून बालविभागाची निवासी डॉक्टर आणि एक सिस्टर आल्या. सिस्टरनं दोरा पाहिला आणि चटकन कात्री लावून तोडला. "दोऱ्यानंच झालंय बघा!" बोळातल्या लोकांनी हुश्श केलं. बापानं कपाळाचा घाम पुसला. मी मात्र अक्कांकडे बघत होतो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आजी," त्या म्हणाल्या, "दोरा कधी बांधलासा?"

म्हातारीचे डोळे भरले. "मागनं. हात आदीच तसा हुता. आनि कुनी बगू ने म्हून गुंडाळला."

अक्कांनी करंगळी त्या फिकट पंजात ठेवली. बाळ रडत होतं, डावी मूठ हवेत हलत होती, उजवीकडची बोटं करंगळीवर मिटली नाहीत.

"मंगळवार पेठ," त्या उठत म्हणाल्या, "थेटर उघड."

निवासी डॉक्टर हुशार मुलगी होती. ती म्हणाली, "मॅडम, मनगटाला नाडी लागतेय. अँटिबायोटिक सुरू करू, सोनोग्राफीचा रिपोर्ट येऊ दे, मग..."

"नाडी लागती म्हणून तर माणसं फसतात. नाडीची मोठी शीर शेवटाला बंद हुती, बारक्या आधीच मेलेल्या असतात. अँटिबायोटिक दे की, मी नको म्हणत न्हाय. पण रिपोर्ट येईल आणि हात जाईल." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं चुकलं न्हाय पोरी. मी तर दोरा तोडून घरी गेलतो."

सगळं सहीवर अडलं. बापाला काय करायचं ते सांगितलं, हात उभा उघडावा लागेल, आत्ताच. तो सहीला वाकणार तोच म्हातारीनं त्याचा दंड धरला.

"लोखंड लावायचं न्हाय! गिराणाचं अंग हाय त्ये!"

मग सगळं बाहेर आलं. ग्रहण सुरू असताना सून विळीवर भाजी चिरायला बसली होती. पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापलं की मुलाच्या अंगावर खूण उठते, हे आमच्याकडे अजून घरोघरी मानतात. हात बघताच घरात निकाल लागला होता, हे सुनेनं केलं. आणि ग्रहणाच्या खुणेला पुन्हा पातं लावलं तर मूलच जातं, अशी म्हातारीची खात्री होती. तिला नात नको होती असं नाही. नात जगावी म्हणूनच ती दंड सोडत नव्हती. हे मला तेव्हा दिसलं, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटली.

एरवी अक्का आता गरजल्या असत्या. मी त्यांना मंत्र्याच्या मेव्हण्यावर ओरडताना पाहिलंय. त्या पुन्हा खाली बसल्या, फरशीवर, चक्क मांडी घालून, आणि त्यांनी शाहूवाडीच्या आजीची गोष्ट सांगितली. वॉर्डात सांगायच्या तशी नाही, काटछाट करून, चार वाक्यांत. "मी तिच्यावर वरडलो. चूक माझी हुती. तो पोरगा आता मोठा झालाय, अजून त्याला शर्टाची बटणं लावता येत न्हाईत. मी रोज त्याचा हात बघतो, डोळं मिटलं की. मला दुसरा हात बघायला लावू नगंस."

म्हातारीनं दंड सोडला नव्हता.

"सूनबाईला फोन लाव," अक्का बापाला म्हणाल्या.

फोन स्पीकरवर लागला. तिकडून बोलण्याच्या आधी नुसता हुंदका ऐकू आला. अक्का म्हणाल्या, "पोरी, मी डॉक्टर बोलतो. तुझ्या विळीचा ह्यात काय संबंध न्हाय. ह्यो आजार हाय. पोटात हात दबला, आत सूज चढलीया, ती उघडायची. उघडला तर हात वाचंल. किती वाचंल ते मी सांगत न्हाय. न्हाय उघडला तर जाईल, हे सांगतो."

तिकडचा हुंदका थांबला. मग ती बाई म्हणाली, "माज्यामुळं न्हाय?"

"न्हाय."

"आत्यास्नी सांगा की मग."

"ऐकत्यात सासूबाई. इथंच हाईत."

"मग करा. माजी पोरगी हाय. मी सांगती, करा."

म्हातारीचा हात दंडावरून आपोआप सुटला. बापानं सही केली.

एवढ्याशा जिवाला भूल द्यायची होती. खोली तापवून ठेवली, बाळाला कापसात लपेटलं, फक्त उजवा हात बाहेर. अक्का टेबलाशी आल्या आणि एकदाही अंगाईचं बोलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या थेटरमध्ये मला मॉनिटरची टिकटिक इतकी स्पष्ट ऐकू येत होती.

पातं कोपराखालून मनगटाकडे उतरलं. कातडी उघडली, खालचा पडदा उघडला, आणि दाबून धरलेला स्नायू एकदम वर उसळला. तो लाल नव्हता, करड्या रंगाचा होता. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. मनगट उघडलं, तळवा उघडला, हात उलटा करून मागची बाजू उघडली. रक्त फार आलं नाही, आणि तेच मला भीतीदायक वाटलं. मग त्यांनी ओलं गरम फडकं त्यावर ठेवलं आणि त्या थांबल्या.

थांबणं त्यांना येत नव्हतं. चहासुद्धा ज्या बाईला थांबून पिता आला नाही ती दोन्ही हात छातीशी धरून एका पंजाकडे बघत उभी राहिली. बाळाच्या हृदयाचे ठोके मध्येच मंदावले, मी औषध दिलं, ते सावरले, आणि हे सगळं होताना त्या तिकडेच बघत होत्या. आधी अंगठ्याच्या मुळाशी थोडा रंग आला. मला वाटलं दिव्याचा भास. मग तर्जनी, मग मधलं बोट. फडकं उचललं तेव्हा स्नायूचा बराचसा भाग गुलाबी दिसत होता. करंगळीकडची एक पट्टी तशीच करडी राहिली.

"आलं," अक्का म्हणाल्या. आणि मग मास्कच्या आड त्या रडल्या, आवाज न करता. मी मॉनिटरकडे बघत राहिलो.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. जखमा उघड्याच ठेवल्या होत्या, ड्रेसिंगला दर वेळी मी, दर वेळी भूल. मांडीची कातडी घेऊन शेवटी जखम झाकली. मग बोटं सरळ राहावीत म्हणून पट्ट्या, आणि दिवसातून कितीतरी वेळा एकेक बोट हळू उघडायचं, मिटायचं. हे काम म्हातारीनं, म्हणजे हौसाबाईंनी, अंगावर घेतलं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. गावाला गेल्यावर शेजारणींनी ग्रहणाचा विषय काढला की त्या म्हणत, "दाब हुता त्यो. पोत्याची शिवण उसवली अक्कांनी." मुलीचं नाव श्रावणी ठेवलं. करंगळी थोडी आत वळलेली राहिली आणि हातभर व्रण. तिला अक्कांना दाखवायला आणलं की अक्का बोट पुढे करायच्या आणि ती ते पकडायची. पहिल्यांदा पकडलं त्या दिवशी अक्कांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला, आणि माझा चहा बशीत ओतून स्वतःच प्यायल्या.

मागच्या वर्षी मी अक्कांना भेटायला कुरुंदवाडला गेलो होतो. निवृत्तीनंतर त्या गावीच राहतात. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आवाज उतरलेला, घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय मंगळवार पेठ, माझ्या वेळेला दुसऱ्यानं झोपवलं. अंगाई येत नव्हती त्याला." मी हसलो, पण त्यांचे पातळ झालेले हात बघून मला वाईट वाटलं.

मी बसलेला असतानाच हौसाबाई, त्यांची सून आणि श्रावणी आल्या. पोरगी आता शाळेत जाते. हौसाबाई पार वाकल्या आहेत. त्यांनी पिशवीतून काळा दोरा काढला. गावच्या देवीला लावून आणलेला. "अक्का, तुमी वराडशीला, ठावं हाय. पर आजारपनातनं उठलासा. दिष्ट लागाय नगो."

 हातावर दोरा दिसला की कधी बांधला म्हणून दरडावणारी ही बाई. अक्कांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग श्रावणीकडे.

"हिनं बांधला तर बांधून घेतो," त्या म्हणाल्या आणि मनगट पुढे केलं.

श्रावणी खुर्चीशी गुडघ्यावर बसली. दोरा मनगटाभोवती फिरवला. डाव्या हातानं एक टोक धरलं, उजव्या हाताच्या चिमटीत दुसरं. ते निसटलं. तिची आई मदतीला वाकली तशी अक्कांनी नुसती नजर वर केली, ती मागे सरली. पोरीनं पुन्हा टोक पकडलं, जीभ दातात धरली, वळसा घातला, आतून ओढून घेतलं, आणि वळलेली करंगळी बाजूला काढत गाठ आवळली. मग वरून आणखी एक मारली.

त्या सगळ्या वेळात अक्का दोऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या व्रणाखालून हलणारे स्नायू बघत होत्या, एकेक.

"लई घट झाला का, अक्का?" श्रावणीनं विचारलं.

अक्कांनी दुसऱ्या हाताची करंगळी दोऱ्याखाली सरकवून पाहिली. "न्हाय," त्या म्हणाल्या, "जातीया."